चकाचक केलेला जुना फ्लॅट घ्यावा का? आधी खालच्या मजल्यावर विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये १९८८ च्या सुमाराची तीन मजली सोसायटी, दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. विकणाऱ्याने तो गेल्या दसऱ्याच्या आसपास घेतला, आतून सगळा नवा केला आणि आता पाडव्याच्या मुहूर्तावर चांगलाच चढा भाव सांगतोय. एजंट म्हणतो ३१ मार्चच्या आत उरका. शेजारी मात्र नाकं मुरडतायत, एक जण तर जिन्यातच म्हणाला, 'बघा बुवा, आम्ही काही बोलत नाही.' तर घ्यावा का, आणि शेजाऱ्यांचं किती मनावर घ्यावं?

बरीच वर्षं कर्वेनगरच्या एका सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळलंय. असे 'घ्या, सजवा, विका' फ्लॅट आमच्याकडेही झालेत. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी ३१ मार्चचं भूत उतरवू. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने शुल्कासाठी ठरवलेल्या घरांच्या किमतींचे, दर बदलायचे असले की १ एप्रिलला बदलतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुणे महापालिका हद्दीत सरासरी ४.१६ टक्के वाढ झाली, त्याआधीची दोन वर्षं दर जैसे थे होते. पण मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेकनरची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. कोथरूडमधला सजवलेला फ्लॅट रेकनरच्या वरच विकला जातो, तेव्हा रेकनर चार टक्क्यांनी चढला तरी तुमच्या खिशाला बहुधा काहीच फरक पडत नाही. आणि पडणारच असला तरी मार्चमध्ये शुल्क भरून करारावर सह्या केल्या की दस्त नोंदवायला पुढे चार महिने मिळतात. एजंटला हे माहीत असतं. पाडवा, मुलांच्या शाळा संपणं, मार्चचा बोनस आणि रेकनर हे सगळं मार्च-एप्रिलमध्येच येतं, म्हणून पुण्यात या दिवसांत घर बघणाऱ्यांची झुंबड उडते. घाई गर्दीची असते, ती तुम्ही अंगावर घ्यायचं कारण नाही.

आता विकणाऱ्याचा हिशोब मांडून बघा. आकडे नुसते उदाहरणादाखल. ८० लाखांना घेतला. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणीचे ३० हजार. आतल्या कामाला १२ लाख. घेताना-विकताना दोन्ही वेळची एक-एक टक्का दलाली धरली की साधारण एक कोटी होतात. १ कोटी १५ लाखांना विकला तर सुटले १५ लाख. चोवीस महिन्यांच्या आत विकलाय, म्हणजे नफा अल्प मुदतीचा, त्याच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवून कर. तीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस असेल तर हातात दहाच्या आसपास उरतात, त्यातून कर्जाचं व्याज आणि मेंटेनन्स वजा. (बायकोच्या नावाने घेतला असेल तर शुल्कात एक टक्का वाचला. पूर्वी अशी सवलत घेतली की पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये गेली. तेव्हापासून हे धंदे घरातल्या बायकांच्या नावावर जरा जास्तच दिसतात.)

हा हिशोब मी त्याची कीव यावी म्हणून सांगत नाही. वाचवायला त्याच्याकडे एकच जागा उरते ती यातून दिसते: ते १२ लाख. डोळ्यांना दिसतं तिथे तो हात आखडता घेणार नाही. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, हॉलमधल्या मोठ्या टाइल्स, सगळं व्यवस्थित असेल. कात्री लागते ती बाथरूमच्या फरशीखाली.

आमच्याच विंगमध्ये झालेलं सांगतो. नियमाने बाथरूमची जुनी फरशी काढायची, खालचा कोबा फोडायचा, संकन स्लॅबपर्यंत (बाथरूमखाली मुद्दाम खोल घेतलेला स्लॅब) जायचं, जुने बिडाचे पाइप आणि नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी ज्यातून जातं ते भांडं) बदलायचे, वॉटरप्रूफिंग करून पाणी कोंडून बघायचं, मग नवी टाइल. याला वेळ लागतो आणि पोत्यामागून पोती राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, निघतं. त्या पठ्ठ्याने जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवली. ट्रॅप तोच, वर स्टीलची नवी जाळी. फरशी बोटभर वर आली म्हणून दार अडकायला लागलं, तर दार खालून तासलं. मार्चमध्ये फोटो काढले, एप्रिलमध्ये विकला. नवं कुटुंब राहायला आलं, रोज चौघांच्या अंघोळी सुरू झाल्या आणि महिन्याभरात खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला पिवळा डाग. तोवर फ्लॅट रिकामा होता, तिथे पाणी सांडत नव्हतं, मग गळणार कुठून? संडास-बाथरूममधून खाली होणारी गळती त्या सभासदाने स्वखर्चाने काढायची असते, सोसायटीने नाही. म्हणजे भुर्दंड नव्या मालकाला. विकणारा तोवर पुढच्या फ्लॅटवर.

तर तुम्ही जाल तेव्हा हे करा. बाथरूमच्या दाराची खालची कड बघा, ताजी तासलेली आहे का. समोरच्या फ्लॅटमध्ये विनंती करून बाथरूमची पायरी किती खोल आहे ते बघा आणि इथली ताडून पाहा. टाइलवर नाण्याने ठोका, पोकळ आवाज येतो का. सर्वांत महत्त्वाचं, नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये दोन दिवस पाणी कोंडून ठेवू द्या म्हणावं, आणि मग खालच्या घरात जाऊन छत बघा. ज्याने काम नीट केलंय तो लगेच हो म्हणतो. ज्याने नाही केलं त्याला अचानक गावाला जायचं असतं.

पावसाचंही तेच. फाल्गुन-चैत्रात पुण्यातली कुठलीही भिंत कोरडी असते, त्यात पुट्टी आणि रंग ताजा. पश्चिमेकडच्या भिंतीला नव्याने पीव्हीसी पॅनेल लावलं असेल तर ते शोभेसाठी आहे की ओल झाकायला, हे विचारायला लाजू नका. फॉल्स सीलिंगच्या वर मोबाइलचा टॉर्च मारा, स्लॅबचा गिलावा सुटून सळ्या दिसत असतील तर कळेल. हॉल आणि किचनमधली भिंत पाडून 'ओपन किचन' केलं असेल तर मात्र थांबा. त्या काळातल्या तीन मजली इमारती पुष्कळदा भिंतींवर उभ्या आहेत, कॉलमवर नाहीत. आतल्या भिंतीही नऊ इंची असतील तर तुमच्या इंजिनिअरने बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीला उपविधींप्रमाणे तो दर तीन वर्षांनी करायचा असतो. केलेला असतोच असं नाही.

आता शेजारी. त्यांचं ऐकाच, पण कोण कशापायी बोलतंय ते ओळखून. समोरच्या फ्लॅटवाले खूश असतील, कारण तुम्ही १ कोटी १५ दिलेत की त्यांच्या घराचाही तोच भाव झाला. वरचे आजोबा चिडलेले असतील, पण त्यांचा राग दुपारी एक ते चारमध्ये चाललेल्या ड्रिल मशीनवर आहे. पुण्यात हा गुन्हा माफ होत नाही. कमिटी नाराज असेल तर बहुधा जिन्यावरून गेलेल्या राबिटाने फुटलेल्या पायऱ्यांमुळे, किंवा मधल्या काळातला मेंटेनन्स थकल्यामुळे. काही जणांना नुसतंच खुपतं, की दहा वर्षं बंद पडलेलं घर आपल्याला सुचलं नाही आणि हा आला नि कमावून गेला. त्याकडे दुर्लक्ष करा. वारसांच्या भांडणात अडकलेलं, कबुतरांनी भरलेलं घर कोणीतरी मोकळं करून राहतं केलं, तर सोसायटीचं भलंच होतं. मला स्वतःला या लोकांचा राग येत नाही. फरशीखालच्या चोरीचा येतो.

म्हणून सगळ्यांत वजनदार मत खालच्या मजल्याचं. त्यांना भावाशी देणंघेणं नसतं, त्यांना छताशी असतं. काम चालू असताना राबिट किती निघालं, तोडफोड किती दिवस चालली, प्लंबर कितीदा आला, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. बाथरूम दीड दिवसात झालं म्हणाले, तर समजून जा.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण कोथरूडमध्ये तो आधी यायला हवा: रीडेव्हलपमेंटचं काय? वनाज ते गरवारे मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, २०२० च्या शेवटी आलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीने जुन्या प्लॉटवर जास्त बांधता येऊ लागलं, त्यामुळे त्या वयाच्या बहुतेक सोसायट्यांत हा विषय निघालाय. बिल्डर नवी जागा देताना तुमचा जुना कार्पेट एरिया मोजतो, इटालियन टाइल मोजत नाही. दोन वर्षांत इमारत पाडली जाणार असेल तर त्या १२ लाखांच्या कामाचे पैसे तुम्ही कशासाठी भरताय? उलट नुकतंच सजवलेलं घर घेऊन आलेला सभासद रीडेव्हलपमेंटला खोडा घालेल, अशी शेजाऱ्यांना धास्ती असते. तुमच्याकडे बघून नाकं मुरडण्यामागे तेही असू शकेल. गेल्या दोन-तीन सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त वाचायला मागा, ५१ टक्के संमतीचा ठराव किंवा सल्लागाराची नेमणूक झाली आहे का ते बघा.

कागद. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आज नाव कोणाचं आहे? काही जण स्वतःच्या नावावर खरेदी करतच नाहीत. मूळ मालकाला इसार (आगाऊ रक्कम) देतात, मुखत्यारपत्र घेतात, काम करतात आणि मूळ मालकाकडून थेट तुमच्या नावे करार करून मधले सात टक्के वाचवतात. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलंय. मूळ मालक वारला असेल आणि फ्लॅट नॉमिनीने विकला असेल तर बाकी वारसांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं बघा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट तुमच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) २५ हजारांपेक्षा जास्त मागितला तर सोसायटीला कमाल मर्यादेची आठवण करून द्या. आणि '९० चा करार, २५ फर्निचरचे वेगळे' असं म्हणाला तर साफ नाही म्हणा. बँक कर्ज कराराच्या किमतीवर देते आणि उद्या तुम्ही विकाल तेव्हा ते २५ नफा म्हणून तुमच्याच डोक्यावर येतील.

भावाबद्दल आत्ता काही सांगत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या फ्लॅटच्या मागच्या व्यवहाराचा इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा, त्याने कधी आणि कितीला घेतला ते त्यात छापलेलं असतं. तो आकडा आणि खालच्या काकू काय म्हणाल्या ते इथे लिहा, मग किती कमी मागायचे ते बोलू.