चार एकर पडीत रान अन् गवत कापायचं मशीन

भाऊ, चार एकर पडीत रान साफ करायला कोणतं मशीन घ्यावं असं विचारलंस, तर मशीन घ्यायच्या आधी एकदा पूर्ण रान पायी फिर, कारण तुझं चार एकर म्हणजे एकसारखं नाहीये ना, अर्ध्यात नुसतं गवत आणि नाल्याकडच्या अर्ध्यात वेड्या बाभळी. सपाट भागाला भाड्याचा ट्रॅक्टर अन् स्लॅशर (ट्रॅक्टरमागं जोडायचं गवत कापायचं यंत्र) लाव, मोकळा होशील. रोटाव्हेटर (माती उकरून भुसभुशीत करणारं अवजार) मारू नको बरं, हराळी-लव्हाळ्याचे तुकडे होऊन दुप्पट उगवतं, मी ते करून बसलोय.

बांध, विहिरीची कड, झाडांची बुडं याला ब्रश कटरच (हातात धरून चालवायचं, दांड्याच्या टोकाला फिरतं पातं असलेलं मशीन) पाहिजे. खांद्याला पट्टा लावायचा साइडपॅक घे, पात्यावर ताबा चांगला राहतो. कोवळ्या गवताला नायलॉन दोरी, कडक गवताला तीन पात्यांचं ब्लेड, बोटाएवढ्या झुडपाला गोल दातेरी. मनगटाएवढी बाभूळ मात्र कुऱ्हाडीनंच, तिथं मशीन मारायचं नाही. मशीनचं इंजिन टू स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल लागतं, पुस्तकात 50 ला 1 लिहिलंय तर लिटरला 20 मिली, 25 ला 1 असेल तर 40. अंदाजानं ओतायचं नाही, आमच्या गड्यानं एकदा नुसतं पेट्रोल टाकलं अन् पिस्टन जाम!

आणि गवतात जुनी ठिबकची नळी, तार पडलेली असते, ती आधी उचल. दोरी नळीचा भुगा करते, तार तर पात्याला गुंडाळते. चष्मा, बूट घालूनच चालव, खडा गोळीसारखा येतो. गाजरगवत फुलायच्या आधीच काप.

दुकान असं बघ जिथं स्पेअर मिळतो. धुळ्या-जळगावात मिळेल, ऑनलाइन स्वस्तात घेऊन नंतर कार्बोरेटरसाठी फिरू नको.