‘बघतो’ म्हणायला जागा ठेवू नकोस

प्रिय पोरी,

तुझा निवेदनाचा मसुदा वाचला. ‘आमच्या वस्तीतील आरोग्यसेवेचा दर्जा सुधारण्यात यावा, ही नम्र विनंती.’ खाली ढीगभर सह्या आणि अंगठे. अगं, सिस्टर म्हणून टेबलाच्या पलीकडे बसण्यातच माझी सगळी नोकरी सरली. असा कागद आला की साहेब एकच शब्द बोलतात, ‘बघतो.’ आणि त्यांचं तरी काय चुकतं? दर्जा सुधारा म्हणजे सोमवारी सकाळी कोणी काय करायचं?

समासात तू पेन्सिलीने जे खरडलंस, ते मात्र खरं निवेदन. बीपीच्या गोळ्या आठवड्याच्याच मिळतात, आणि धुणीभांडी करणाऱ्या बाया घरी येतात तोवर आरोग्य केंद्राला कुलूप. ह्या दोनच गोष्टी धर. बाकी सगळं सध्या खोड.

गोळ्यांचं आधी घे. केस पेपरची रांग, डॉक्टरची रांग, मग औषधाच्या खिडकीची रांग. रोजंदारीवाल्याचा निम्मा दिवस त्यातच जातो. दोनतीन खेपा तो करतो, मग येत नाही. रजिस्टरात त्याच्या नावापुढे आम्ही लिहितो, ‘उपचार सोडला’. त्याने सोडला म्हणे! आपल्या शेजारच्या वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांत केंद्र सरकारचा उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरुवातीपासून होता. महिनाभराच्या गोळ्या एकदम देणं हा त्याचा भागच आहे. म्हणजे तू काही जगावेगळं मागत नाहीस. ‘ज्यांचा बीपी आटोक्यात आहे त्यांना महिन्याच्या गोळ्या द्या, साठा नसेल तर मागणी कोणत्या तारखेला पाठवली ते सांगा’, एवढंच लिही. खिडकीवरच्या फार्मासिस्टवर मात्र डाफरू नकोस. वरून माल आला नाही तर तो देणार कुठून? त्याने वेळेत इंडेंट, म्हणजे औषधांचा मागणीपत्रक कागद, पाठवलेला असेल तर तो कागद तुमच्याच कामाचा आहे.

वेळेचं तर आणखी सोपं. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली आलं, तेव्हाच्या आराखड्यात वस्तीजवळच्या केंद्राची ओपीडी दुपारी १२ ते रात्री ८ असावी असं लिहिलंय. आठवडाभर नाही जमलं तर दोन दिवस तरी संध्याकाळी उघडा, म्हणावं. डॉक्टर कमी आहेत असं उत्तर येईल, आणि ते बऱ्याचदा खरंच असतं. मग विचारायचं, मंजूर पदं किती, भरलेली किती.

आता दार. आपल्या नागपुरात अर्ध्या तक्रारी चुकीच्या दारात जाऊन मरतात. वस्तीतलं नागरी आरोग्य केंद्र महापालिकेचं, मेडिकल आणि मेयो ही कॉलेजची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, बायांचं डागा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, आणि मिहानचं एम्स थेट केंद्र सरकारचं. केंद्राच्या वेळेची तक्रार मेडिकलच्या अधिष्ठात्यांकडे नेलीस तर ते चहा पाजतील, बास. तुझे दोन्ही मुद्दे महापालिकेच्या आरोग्य विभागाचे. अर्ज तिथे दे, नगरसेवकाला प्रत दे, आणि आपल्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. माहितीचा अधिकार मागाहून. १० रुपयांचा अर्ज आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, सगळं खरं. पण पहिल्याच भेटीत तो काढला की समोरचा कारकून आधी घाबरतो आणि मग कायमचा चिडतो.

बोलायला कोण जाणार? तू नको. तू छान बोलतेस, तीच अडचण आहे. साहेब तुझ्याशी वाद घालतील, कौतुकही करतील, आणि बाया मागे उभ्या राहतील. वस्तीत महिला आरोग्य समिती आहे का बघ. पन्नास ते शंभर घरांमागे दहाबारा बायांची समिती असायला हवी, वर्षाला ५,००० रुपये निधीही असतो. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरातच जिवंत असते. तुमची तशी असेल तर आधी तिची एक बैठक घडवून आण. तिथे कोणीतरी बोलेलच, ‘सिस्टर, तुमचं गेट बंद होऊन राहिलं तेव्हा मी चौथ्या घरची भांडी घासून राहिली.’ तिलाच पुढे कर. तिचं वाक्य शुद्ध करायला जाऊ नकोस. ह्याला उत्तर म्हणून ‘बघतो’ म्हणणं फार जड जातं, मी पाहिलंय.

आशाताईला मात्र पुढे करू नकोस. माहिती तिच्याकडे सगळ्यांत जास्त, पण तिचे पैसे त्याच कार्यालयातून निघतात. तिला मागे राहून सांगू दे, आणि तिचं नाव तुझ्या वहीतसुद्धा नको.

खाजगी दवाखान्यांच्या बिलांचं जे लिहिलंस, तो वेगळा कागद. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे नर्सिंग होमला रुग्ण हक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर लावावे लागतात. ते पुढे कधी तरी बघू.

भेटीत साहेबांनी होकार दिला तर तिथेच तारीख विचार. बाहेर आल्यावर चार ओळींचं पत्र दे, ‘आज अमुक ठरले, अमुक तारखेपासून अंमल होईल असे आपण सांगितले’. त्याचीही पोच घे. उद्या साहेबांची बदली झाली तरी नव्या साहेबांपुढे तो कागद ठेवता येतो.

नवा मसुदा अर्ध्या पानाच्या वर नको. सह्या राहू देत, फक्त प्रत्येक सहीसमोर एक रकाना वाढव, ‘मला किती वाजता येता येतं’. तो भरून झाला की मला पाठव.

तुझी,
मावशी