वाचकांचे प्रश्न : वळणावर गाडी आपणहून ब्रेक लावते तेव्हा

प्रश्न : गेल्या पाडव्याला आम्ही एडास, म्हणजे चालकाला साहाय्य करणारी प्रणाली असलेली नवी मोटार घेतली. चिपळूणहून गुहागरकडे येताना एका डाव्या वळणावर पलीकडच्या कडेला चिऱ्यांनी भरलेला ट्रक बिघडून उभा होता. आमची बाजू पूर्ण मोकळी होती आणि वेग साठच्या आसपास होता. मी स्टिअरिंग वळवणार तोच पडद्यावर लाल चिन्ह उमटले, कर्कश आवाज झाला आणि गाडीने स्वतःच कचकन ब्रेक लावला. मागून येणारी एसटी जेमतेम थांबली. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी संगणकाला जोडून पाहिली आणि ‘काही दोष दिसत नाही’ असे सांगून परत दिली. हा दोष नाही, तर मग काय आहे? ही सोय कायमची बंद करून ठेवावी का? आणि एसटी आदळली असती, तर जबाबदारी कोणाची ठरली असती?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : वळणाची दिशा, ट्रकची जागा आणि वेग या तिन्ही गोष्टी आपण लिहिल्या, त्यामुळे नेमके उत्तर देता येते, ‘गाडी उगाचच थांबते’ एवढ्याच मजकुरावर काहीही सांगणे अवघड असते. आपल्या वर्णनावरून गाडीतला एखादा भाग बिघडला आहे असे वाटत नाही. प्रणाली तिला घालून दिलेल्या नियमाप्रमाणेच वागली. मात्र तो नियम आखताना रुंद आणि सरळ रस्ते डोळ्यांसमोर होते, आणि आपल्याकडचे वळणावळणाचे रस्ते त्या हिशेबात नीट बसत नाहीत.

अशा मोटारींत बहुधा आतल्या आरशामागे, पुढच्या काचेला लागून एक कॅमेरा असतो आणि पुढच्या जाळीत, बोधचिन्हामागे किंवा बंपरमध्ये एक रडार असते. रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे चार मिलिमीटरपेक्षाही आखूड लहरी सोडते आणि परत येणाऱ्या लहरींवरून समोरच्या वस्तूचे अंतर आणि तिच्याकडे जाण्याचा वेग मोजते. ती वस्तू म्हणजे ट्रक आहे, माणूस आहे की कमान आहे, हे ओळखण्याचे काम मुख्यतः कॅमेऱ्याचे असते. या दोन्हींच्या जोडीला गाडीचा संगणक स्टिअरिंग किती वळले आहे आणि गाडी प्रत्यक्ष किती वळते आहे यावरून पुढच्या दोन-तीन सेकंदांतला आपला मार्ग आखतो. त्या आखलेल्या मार्गात वस्तू आली आणि धडकेपर्यंतचा वेळ फार कमी उरला, की आधी इशारा आणि मग ब्रेक, असा क्रम असतो.

आता आपलेच वळण घेऊ. प्रवासी मोटारींच्या स्वयंचलित आपत्कालीन ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा १५२ क्रमांकाचा नियम आहे. ब्रेक पूर्ण जोराने लागल्यावर वेग दर सेकंदाला किमान पाच मीटर प्रतिसेकंद इतका कमी व्हावा, अशी त्याची अपेक्षा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार या दराने थांबायला सुमारे २८ मीटर घेते, आणि ब्रेक न लागता त्याच वेगाने एवढे अंतर तोडायला तिला जेमतेम पावणेदोन सेकंद लागतात. म्हणजे ट्रक २८ मीटरवर येण्याआधीच प्रणालीला निर्णय घ्यावा लागतो. डाव्या वळणाच्या तोंडाशी, स्टिअरिंग अजून सरळ असताना, गाडीच्या नाकासमोर बरोबर पलीकडची कड येते आणि त्याच जागी आपला चिऱ्यांचा ट्रक उभा होता. आपण आता वळणार आहोत हे आपल्याला ठाऊक होते. गाडीच्या दृष्टीने मात्र सरळ जाणारी मोटार आणि समोर लोखंडाचा मोठा थांबलेला ढीग, एवढेच चित्र होते. तेच वळण ताशी ४० किलोमीटरने घेतले असते तर थांबायला सुमारे १२ मीटर पुरले असते, प्रणाली निर्णयासाठी आणखी थांबली असती आणि तोवर आपले स्टिअरिंग वळलेले असते. रस्त्याला गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, लागून असलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच वळणांवर ४० हाच वेग एरवीही शहाणपणाचा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

सर्व्हिस सेंटरला दोष का सापडला नाही, हेही यावरून लक्षात येईल. संगणकात दोषाची नोंद होते ती एखादा सेन्सर बंद पडला, झाकला गेला किंवा जागेवरून सरकला तर. अंदाज चुकला याची नोंद दोष म्हणून होत नाही. तरीसुद्धा ‘काही दोष दिसत नाही’ एवढ्यावर गिऱ्हाइकाची बोळवण करणे आम्हाला योग्य वाटत नाही. गाडी हाती देताना छपरातल्या काचेची आणि गाण्यांच्या आवाजाची माहिती अर्धा तास दिली जाते. गाडी कुठे कुठे आपणहून थांबू शकते, हे सांगायला त्यातली पाच मिनिटे काढायला काय हरकत आहे?

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाच्या २०२१ आणि २०२२ सालच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय या मोटारींची, म्हणजे सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची, याच कारणासाठी चौकशी सुरू केली. त्याआधीच्या नऊ महिन्यांत अकारण ब्रेक लागल्याच्या ३५४ तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. होंडाच्या काही मोटारींबाबतही त्याच महिन्यात चौकशी उघडली गेली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये त्याच प्रशासनाने सप्टेंबर २०२९ पासून सर्व हलक्या वाहनांना अशी ब्रेकप्रणाली सक्तीची करणारा नियम काढला आणि त्यात नको तेथे ब्रेक लागू नये यासाठीही दोन चाचण्या घातल्या. एका चाचणीत रस्त्यावर टाकलेल्या पोलादी पत्र्यावरून गाडी न्यायची आणि दुसरीत दोन उभ्या मोटारींच्या मधून. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या कामामुळे वर्षानुवर्षे पर्यायी वळणरस्त्यांवरून आणि खोदकामाच्या कडेकडेने गाड्या हाकणाऱ्यांना या चाचण्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मुळात रचनाकारापुढे दोन चुका असतात आणि एक कमी करायला गेले की दुसरी वाढते. प्रत्येक संशयावर ब्रेक लावला तर मागचा येऊन आदळेल; खात्री पटेपर्यंत थांबले तर समोरचा माणूस वाचणार नाही. उजेडातून एकदम अंधारात नेणारे कशेडीच्या बोगद्याचे तोंड, पावसाळ्यात आंबोलीच्या घाटातले दाट धुके, मावळतीला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर थेट कॅमेऱ्यात शिरणारे ऊन, आरे-वारेसारख्या रस्त्यावर उतार संपून लगेच चढ लागतो तेथे अंगावर आल्यासारखा दिसणारा समोरचा रस्ता, डावीकडून अचानक पुढे घुसणारी दुचाकी, अशा सगळ्या ठिकाणी प्रणालीचा अंदाज डळमळू शकतो. उलट बाजूही लक्षात ठेवावी. या प्रणालींच्या ठरावीक चाचण्या वाहने, पादचारी आणि सायकलस्वार यांच्यावर होतात. पावसाळ्याच्या रात्री कोरड्या डांबरावर बसून राहणारी गुरे त्यांत येत नाहीत, तेव्हा काळी म्हैस गाडीला वेळेत दिसेलच असे मुळीच धरून चालू नये.

बंद करून ठेवावी का, या प्रश्नाला आमचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात अशी ब्रेकप्रणाली असलेल्या मोटारींकडून पुढच्या वाहनाला मागून धडक देण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले आढळले आहे, आणि हा फायदा थोडाथोडका नाही. त्याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. बहुतेक मोटारींच्या पडद्यावर इशारा लवकर, मध्यम किंवा उशिरा द्यावा अशी निवड असते. घाटात आणि गावरस्त्यांवर ती ‘उशिरा’वर ठेवावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पुढच्या वाहनाशी अंतर राखून आपोआप वेग कमी-जास्त करणारे क्रूझ कंट्रोल वळणाच्या रस्त्यावर मुळीच वापरू नये. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेतही हे छापलेले असते. ‘गाडी आपोआप ब्रेक लावते’ अशा तक्रारींत या क्रूझ कंट्रोलच्या सौम्य ब्रेकचा आणि आपत्कालीन ब्रेकचा घोळही पुष्कळदा झालेला असतो. लाल चिन्ह, आवाज आणि कचकन बसलेला हिसका असेल तर तो आपत्कालीन ब्रेक समजावा.

तशी वेळ पुन्हा आलीच आणि समोरचा रस्ता मोकळा असल्याची आपली खात्री असेल, तर ॲक्सिलरेटर ठामपणे दाबल्यावर किंवा स्टिअरिंग स्पष्ट वळवल्यावर बहुतेक प्रणाली ब्रेक सोडतात. नेमके काय केल्यावर सोडते, हे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आज रात्रीच वाचून ठेवावे, कारण वळणावर ते वाचायला सवड मिळणार नाही.

राहता राहिली एसटी. चालकाला आमचाही नमस्कार कळवावा. ताशी ५० किलोमीटरने दहा मीटर मागे चालणारे वाहन ते अंतर सेकंदाच्या पाऊण भागातच संपवते, आणि माणसाचा पाय ब्रेकवर जायलाच त्याहून अधिक वेळ लागतो. मोटार वाहने चालवण्याबाबतच्या २०१७ च्या विनियमांनुसार पुढचे वाहन अचानक थांबले तरी आपल्याला सुरक्षित थांबता येईल इतके अंतर मागच्याने ठेवायचे असते, त्यामुळे धडक झाल्यास पहिला ठपका सहसा मागच्यावर येतो. पण सबळ कारणाशिवाय एकदम ब्रेक लावू नये, असे बंधन पुढच्या चालकावरही आहे. अशा वेळी ‘ब्रेक मी लावला नाही, गाडीने लावला’ हे पुराव्याने दाखवावे लागेल. म्हणून पुढचे आणि मागचे असे दोन्हीकडचे चित्रण करणारा डॅशकॅम बसवून घ्यावा.

असा प्रकार पुन्हा घडला तर ठिकाण, वेळ, वेग आणि हवामान लिहून सर्व्हिस सेंटरला लेखी द्यावे आणि जॉबकार्डवर तक्रार आपल्याच शब्दांत उतरवून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ असे लिहिलेले जॉबकार्ड पुढे काही कामाचे नसते. सदोष वाहने परत बोलावण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ मध्ये आली आहे, आणि वाहनमालकांना आपली तक्रार केंद्र सरकारच्या ‘वाहन’ नावाच्या संकेतस्थळावर नोंदवता येते. एकट्याच्या तक्रारीने तेथे फार काही हलणार नाही. त्याच मॉडेलच्या पुष्कळ मालकांनी नोंदवल्या तर हलू शकते. व्यक्तिगत भरपाईसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि त्यानंतर रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग हा मार्ग आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे जावे लागते.

प्रश्न : महामार्गावर डंपरमधून उडालेल्या खडीने माझ्या मोटारीची पुढची काच फुटली. बाहेरच्या काचवाल्याकडून नवी काच बसवून घेतली. तेव्हापासून सरळ, रिकाम्या रस्त्यावरही मधूनच इशारा वाजतो आणि दोनदा ब्रेकही लागला. काचेचा आणि ब्रेकचा संबंध असू शकतो का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : संबंध अगदी थेट आहे, आणि वरच्या पत्रातल्यासारखा हा निव्वळ अंदाजाचा घोळ आम्हाला वाटत नाही. कॅमेरा काचेतून पाहतो. काच बदलली, की त्याचा कोन एक-दोन अंशांनी जरी हलला तरी पन्नास मीटरवरची वस्तू त्याला शेजारच्या लेनमधून आपल्या लेनमध्ये आल्यासारखी वाटू शकते. त्यामुळे काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवून घेणे, करावेच लागते. काही गाड्यांत ते ठरावीक अंतरावर नक्षीचा फलक उभा करून होते, काहींत ठरावीक वेगाने गाडी चालवून होते, आणि काहींत दोन्ही करावे लागते. बाहेरच्या काचवाल्याकडे ही साधने असतीलच असे नाही. कंपनीच्या अधिकृत केंद्रात ते करून घ्यावे, जॉबकार्डवर ‘कॅमेरा कॅलिब्रेशन’ असा स्पष्ट उल्लेख असावा, आणि काच विम्यातून बदलली असेल तर हा खर्चही दाव्यात धरता येतो का, हे विमा कंपनीला लेखी विचारावे. तोवर क्रूझ कंट्रोल बंद ठेवावे.

बंपर बदलला, रडारसमोरच्या भागाला पुन्हा रंग दिला किंवा पुढे लोखंडी गार्ड बसवला, तरी हाच त्रास उद्भवतो. गार्डवर तर केंद्र सरकारने २०१७ मध्येच हरकत घेतली आहे. तरीही तालुक्याच्या गावी ते सर्रास बसवून मिळतात. चतुर्थीला डिकी गच्च भरून गावी येताना गाडीचे नाक किंचित वर उचलले जाते, त्यानेही कॅमेऱ्याची आणि रडारची नजर वर जाते, म्हणून जड सामान शक्यतो मागच्या आसनाच्या पाठीला लागून खाली ठेवावे.

प्रश्न : पावसात ‘पुढील सेन्सर झाकला गेला आहे’ असा संदेश वारंवार येतो. गाडी खराब आहे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : नाही. मुसळधार पाऊस आणि लाल चिखलाचा थर यांमुळे रडारच्या लहरी अडतात आणि गाडी तसे प्रामाणिकपणे सांगते. संदेश असेपर्यंत स्वयंचलित ब्रेक मिळणार नाही असे समजून चालवावे. दसऱ्याला जाळीवर बांधलेले झेंडूचे तोरण आणि बंपरखाली लोंबणारे लिंबू-मिरची हेही रडारच्या तोंडासमोर येत असेल तर तेथून बाजूला, नंबरप्लेटच्या एका कडेला बांधावे. पाण्याने भरलेले लिंबू या लहरींना अडथळा ठरू शकते. रडारचे झाकण ओल्या मऊ कपड्याने पुसावे आणि गाडी धुणाऱ्याला प्रेशरची धार तेथे जवळून मारू देऊ नये.