ताईंना विचारा: मिटिंगला कोणी ओळखीचं भेटलं तर?

प्रश्न : ताई नमस्कार. वय 43, घणसोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहे. आधी फक्त शनिवारी बसायचो, मग रोजचं झालं आणि आता सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय हात थरथरायचा थांबत नाही, दाढी करताना कापून घेतलंय दोनदा. गटारी झाली की श्रावण मात्र कडक पाळायचो, यंदा तोही चार दिवसांत मोडला. एक मित्र म्हणतो एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मिटिंगला जा. पण मिटिंग कुठे असते, फी किती, सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागतं का, आणि मेन म्हणजे सोसायटीतलं कोणी बघितलं तर काय तोंड दाखवू?
– घणसोलीचा एक वाचक

उत्तर : दादा, मिटिंगचं सांगतेच, पण आधी तुमच्या हाताचं. सकाळी प्यायल्याशिवाय हात थरथरतो म्हणजे शरीराला सवय लागली आहे, आता जोशात एकदम बंद करायला जाऊ नका. अशा माणसाने अचानक सोडली तर पहिल्या दोनेक दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होऊन माणूस भलतंच बरळायला लागतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, त्यांना रोज किती जाते ते खरं सांगायचं (अर्धं करून सांगतात सगळे!). ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलला ओपीडी आहे, नाव ऐकून दचकू नका. मिटिंगमध्ये औषध देत नाहीत, अॅडमिटही करत नाहीत, त्यामुळे दोन्ही हवं.

आता मिटिंग. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या भारताच्या वेबसाइटवर गाव टाकून शोधा, तिथे दिलेल्या हेल्पलाइनला फोन लावून वार आणि वेळ पक्की करा कारण जागा बदलतात. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट, तिथेही विचारता येतं. फोनवर फक्त एवढंच म्हणा, मला मराठी मिटिंग पाहिजे, ठाणे किंवा वाशी साइडला.

फी शून्य. शेवटी पिशवी फिरते, मेंबर ज्याला जमेल ते टाकतात, तुम्ही पहिल्या दिवशी नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐकायचं. ज्याला बोलायचंय तो पहिलं नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि स्वतःचंच सांगतो, तुम्हाला कोणी उपदेश करत नाही. 1935 मध्ये अमेरिकेत अॅक्रनला एक शेअरवाला आणि एक सर्जन, दोघं पिणारे, एकमेकांशी बोलत राहिले तर प्यायची वेळ टळते हे त्यांना कळलं, त्यातून हे सगळं उभं राहिलं. देवाचं नाव येतं त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून लांब राहण्याच्या बारा टप्प्यांमध्ये, पण तो ज्याला जसा समजेल तसा, माळ घालायला लावत नाहीत.

ओळखीच्याचं म्हणाल तर माझ्या धाकट्या भावाचं सांगते. मी गेटबाहेर रिक्षात बसलेली, हा दोनदा गेटपर्यंत जाऊन वडापाव खाऊन परत आला. तिसऱ्यांदा आत गेला. पालिकेच्या शाळेचा वर्ग, तिसरीची बाकं, गुडघे मावत नव्हते, फळ्यावर सतराचा पाढा अर्धवट पुसलेला. आणि समोरच्या बाकावर आमच्याच बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे काका! ज्यांना आम्ही माळकरी समजायचो, थेंबाला शिवत नाहीत म्हणून आई ज्यांचं उदाहरण द्यायची ते. नऊ वर्षं झाली होती त्यांना सोडून. लिफ्टमध्ये दोघं आजही भेटतात, मान हलवतात, मिटिंगचा म सुद्धा निघत नाही.

म्हणजे जो तुम्हाला बघेल तो तिथे भजनाला आलेला नसतो. तरी धाकधूक असेल तर ट्रान्स हार्बर पकडा आणि पहिले चार-पाच वेळा ठाणे नाहीतर सानपाड्याकडची मिटिंग करा. एका मिटिंगवरून ठरवू नका, एखादा ग्रुप रटाळही निघतो, दुसरा बघायचा. आणि चहा होईपर्यंत थांबा, खरं बोलणं चहाला होतं. क्लोज्ड मिटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते, ओपन असेल तर वहिनींना न्या.

प्रश्न : मिस्टर रोज पितात, ऐकत नाहीत. लोकलच्या डब्यात 'न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात बघून पावडर मागवलीय, आमटीत घालू का?
– कळव्याहून एक ताई

उत्तर : नको ताई, अजिबात नको! दारूविरुद्धची एक गोळी असते, डायसल्फिराम, ती पोटात असताना माणूस प्यायला की तोंड लालबुंद होतं, उलट्या, छाती धडधडते, बीपी खाली जातो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरसुद्धा ती पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनेच देतात. तुमच्या पुडीत ती आहे की अजून काही, देव जाणे.

ते येवोत न येवोत, तुम्ही तुमच्यासाठी अल-अॅनॉनला जा, ती घरच्यांची वेगळी मिटिंग असते, 1951 पासून चालू आहे आणि नवरा पीत असला तरी तुम्हाला बसता येतं. पुडी कचऱ्यात टाकू नका, डॉक्टरकडे जाल तेव्हा सोबत न्या, आणि आमटीत आधीच एखादा चमचा गेला असेल तर तेही सांगा, लाजू नका.