होम थिएटर पीसी तापतो आणि मध्येच हँग होतो. मोठा कूलर बसवू का?

नका बसवू. निदान आत्ता तरी नका.

तुम्ही लिहिलंय की मशीन टीव्हीखालच्या युनिटमध्ये आहे, हात लावला तर चांगलंच गरम लागतं, आठवड्यातून दोन-तीनदा चित्र जागच्या जागी थांबतं आणि पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलून झाली, धूळ काढून झाली, तरी तेच. यातलं ‘गरम लागतं’ आणि ‘थांबतं’ तुम्ही शेजारी शेजारी लिहिलंत आणि मधे ‘म्हणून’ न बोलावता येऊन बसला. त्या ‘म्हणून’पायी मी आमच्या दाजींशी चार महिने वाद घातलाय, तेव्हा उत्तर लांबणार.

प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ही वेळ १०० अंशांच्या आसपास येते, एएमडीच्या रायझनमध्ये बऱ्याचदा ९५ ला. तेवढ्यानंही भागलं नाही तर मशीन फाटकन बंद होतं. पडदा काळा, पंखे गप्प. चित्र तसंच ठेवून, घड्याळ थांबवून, पंखे फिरवत तासभर बसून राहणं ही तापलेल्या प्रोसेसरची रीत नव्हे. तो एकतर रखडतो, नाहीतर जातो.

हे मी ताईच्या घरी किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब नाही. तिथलं मशीन मीच बांधलेलं. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं नवं. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, माझ्या जुन्या डेस्कटॉपमधला, चांगला चालत होता म्हणून काढून बसवलेला. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. मग रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला दाजींचे फोन यायला लागले, “अरे, तुझं ते पुन्हा अडकलं.” चालत असलं की ते ‘आमचं थिएटर’ असायचं, अडकलं की ‘तुझं ते’.

दाजींचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. कॅबिनेटवर तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, “बघ, तवा झालाय.” त्यांनी युनिटची मागची फळी काढली. टेबलफॅन आणून मशीनच्या तोंडावर लावला, त्याच्या आवाजात संवाद ऐकू येईनात. दोनदा पेस्ट बदलायला लावली. हँग होणं काही थांबलं नाही, पण मधे कधी सहा दिवस बरे गेले की श्रेय टेबलफॅनला, आणि सातव्या दिवशी अडकलं की दोष माझ्या बांधणीला.

मी तरी कुठे शहाणा होतो? ग्राफिक्सचा ड्रायव्हर तीनदा बदलला, रॅमचे पाय खोडरबरानं घासले, विंडोज नव्यानं टाकली. इव्हेंट व्ह्युअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ बघायचो आणि काहीतरी सापडल्यासारखं मान हलवायचो. ती नोंद म्हणजे मृत्यूचा दाखला आहे, पोस्टमॉर्टेम नव्हे. मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच ती सांगते, आणि बटण तर आपणच दाबून धरलेलं असतं. प्रश्नासोबत तिचा फोटो टाकून ‘एरर सापडली’ म्हणणाऱ्यांचा मला आता राग येतो.

गाठ सोडवली ती ताईनं. “काय चालू होतं तेव्हा?” असं मी फोनवर दर वेळी विचारायचो, म्हणून तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवायला सुरुवात केली. वेळ कळणं सोपं होतं, कारण पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ ज्या मिनिटाला मशीन अडकलं त्यावरच थांबायचं. सतरा नोंदी. त्यातल्या चौदांपुढे एकच शब्द: पॉज. कुणाचा फोन आला, कुणी उठून आत गेलं, सिनेमा थांबवला, आणि परत येऊन बघतात तर रिमोटला दाद नाही. उरलेल्या तिघांपैकी दोनदा नुसताच मेनू उघडा होता.

म्हणजे मशीन काम करताना अडकत नव्हतं. निवांत बसलेलं असताना अडकत होतं, आणि निवांत असतं तेव्हा ते सगळ्यात थंड असतं!

मी एचडब्ल्यूइन्फो लावून दर दोन सेकंदांना तापमान फाइलमध्ये उतरवायला सांगितलं. पुढच्या वेळी अडकलं तेव्हा फाइलची शेवटची ओळ होती ४४ अंश, प्रोसेसरवर भार तीन टक्के. मग उलटं करून पाहिलं. प्राइम९५ लावून दोन तास प्रोसेसरला पिळून काढलं. ८७ अंशांवर गेला आणि तिथेच राहिला, पण हँग काही झाला नाही. दोन्ही आकडे दाजींना दाखवले. ते म्हणाले, “सेन्सर काय, काहीही दाखवतो.” तळहात मात्र कधी चुकत नाही!

आताचे प्रोसेसर काम नसलं की झोपतात, आणि या झोपेला पायऱ्या असतात. सी६, सी७ अशा खालच्या पायऱ्यांवर ते इतका कमी करंट ओढतात की जुन्या एसएमपीएसला समोर कुणी आहे की नाही तेच कळेनासं होतं आणि त्याचे व्होल्टेज जागेवर राहत नाहीत. हे माझं तत्त्वज्ञान नाही. २०१३ साली इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले तेव्हा यावर बरीच चर्चा झाली होती: १२ व्होल्टच्या लाइनवर ते झोपेत ०.०५ अँपिअरपर्यंत उतरायचे, आणि त्याआधीच्या एसएमपीएसच्या मानकात किमान ०.५ धरलेले होते. दहा पट फरक. पुढे रायझनच्या बोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) तर ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाचा पर्यायच आला. त्यात ‘टिपिकल करंट आयडल’ निवडलं की प्रोसेसर इतका खोल झोपत नाही.

ताईच्या मशीनच्या बायोसमध्ये जाऊन मी सी६ बंद केलं. तीन आठवडे एकदाही हँग नाही. आणि मौज अशी की रिकामं असतानाचं तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं. ताप वाढला आणि रोग गेला! याहून चांगला पुरावा मला जन्मात मिळणार नव्हता, म्हणून लगेच दाजींना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि तो एसएमपीएस कुणी बसवला होता?”

असो. नवा एसएमपीएस बसवला, सी६ पुन्हा चालू केलं, तेव्हापासून मशीन सुरळीत आहे. दाजींच्या मते नव्या एसएमपीएसचा पंखा मोठा आहे, त्यामुळे हवा खेळती राहिली आणि ताप उतरला.

आता तुमचं. हँग झाल्यावर बटण दाबण्याआधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा आणि तेव्हा काय चालू होतं ते कागदावर लिहा. दहा नोंदी होईपर्यंत काही विकत आणू नका. बहुतेक वेळा पॉज किंवा मेनू निघाला तर बायोसमध्ये जा, वर सांगितलंय ते करून पंधरा दिवस थांबा. सिनेमा चालू असतानाच अडकत असेल आणि आवाज घर्रर्र करत एकाच तुकड्यावर फिरत राहत असेल, तर मी आधी रॅमवर संशय घेईन. एक्सएमपी, म्हणजे रॅम जाहिरातीतल्या वेगानं पळवणारं बायोसमधलं सेटिंग, बंद करा. रॅम त्या वेगाला विकली जाते म्हणून तुमचा बोर्ड त्या वेगाला खूश असेलच असं नाही. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. एक चूक दिसली तरी नापास, ‘फक्त एकच तर आहे’ हे चालत नाही. इव्हेंट व्ह्युअरमध्ये ४१ सोडून तिच्या आधीच्या ओळी वाचा: ‘व्हीया-लॉगर’च्या नोंदी असतील तर हार्डवेअर स्वतःच तक्रार करतंय, १२९ नंबरच्या असतील तर एसएसडी किंवा तिची केबल.

मशीन गरम का होतं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यालाही कूलर हे उत्तर नाही. कूलर कितीही मोठा घ्या, तो प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. बंद युनिटमधली हवा ४५ अंशांची झाली की हिशेब ४५ पासून सुरू. मागची फळी काढा (हे दाजींचं बरोबर होतं, लिहून टाकतो), आणि सेट-टॉप बॉक्स मशीनच्या डोक्यावर ठेवला असेल तर तो उचला. दुसरं, ४के सिनेमा चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख बघा. तो शून्यावर झोपलेला असेल आणि प्रोसेसर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर धापा टाकत असेल, तर ग्राफिक्सनं करायचं काम प्रोसेसर करतोय. व्हिडिओ दाबून साठवायचे प्रकार असतात: त्यातलं दहा-बिट एचईव्हीसी इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून हार्डवेअरवर नीट चालतं, एव्ही१ साधारण २०२० नंतरच्या चिपांवर. प्लेयरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद राहिलेलं असणं हे कारण मी स्वतः दोन ठिकाणी पाहिलंय, आणि दोन्हीकडे आधी मोठा कूलर आणून झाला होता.

आता ज्या गोष्टी वर सांगायला हव्या होत्या त्या. तुमचं मशीन हँग न होता फाटकन बंद होत असेल तर माझं सगळं विसरा, मग तापाचाच संशय आधी घ्या. प्रोसेसर तापून गोठत नसला तरी एनव्हीएमई एसएसडी (केबलशिवाय थेट बोर्डावर बसणारी) तापून मधेच गायब होऊ शकते, आणि तेव्हा पडद्यावर जे दिसतं ते हँगसारखंच दिसतं. रॅमही फार तापली की चुका करते. म्हणजे ताप हे कारण कधीच नसतं असं मी म्हणत नाही. (दाजी हे वाचत असतील तर: तुमच्या मशीनमध्ये नव्हतंच.) एसएमपीएसचा संशय आला तर तो बदला, पण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत जोरदार झटका बसेल इतका चार्ज राहू शकतो.

आणि एक. प्रश्नात तुम्ही प्रोसेसर, बोर्ड, रॅम, ग्राफिक्स, अगदी टीव्हीचं मॉडेलही दिलंय. एसएमपीएसबद्दल एक अक्षर नाही. तो कुठल्या मशीनमधून काढलेला आहे?