स्ट्रिपा वेळेवर संपायच्या, तरी काका आखडत चालले होते

"मॅडम, पार्किन्सनच्या गोळ्यांनी डोळे जातात का हो?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, कधी फोनवर, कधी ओपीडीबाहेरच्या बाकावर. आणि हल्ली बरोबर उलटा प्रश्नही यायला लागलाय, की "ही गोळी डोळ्यांना चांगली असते म्हणे, मग मी पण घेऊ का?" मी डॉक्टर नाही, न्यूरॉलॉजिस्टकडे येणाऱ्या पेशंटशी आणि घरच्यांशी बोलणं हे माझं काम, त्यामुळे गोळी वाढवा-कमी करा असलं मी काही सांगत नाही. पण साताऱ्याकडचं एक जोडपं आलं होतं, त्यांच्या घरात हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी चालू होते आणि कुणालाच पत्ता नव्हता, ते सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

काका रिटायर्ड शिक्षक, सत्तरीच्या आसपास, पार्किन्सन होऊन चार वर्षं झालेली. काकूंना पार्किन्सन नाही, पण त्यांच्या डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, वयामुळे खराब झालेला, ड्राय प्रकार, म्हणजे समोर बघितलं की मधोमध धूसर आणि कडेचं मात्र नीट दिसतं. मुलगा घेऊन आला होता. म्हणाला, तीन महिन्यांत बाबांचं एकदम बिघडलंय, खुर्चीतून उठता येत नाही, रात्री कूस वळता येत नाही, शर्टाची बटणं आईच लावते, आणि गोळ्या तर वेळच्या वेळी चालू आहेत, मी स्वतः स्ट्रिपा मोजल्यात. डॉक्टर डोस वाढवायच्या विचारात होते, पण त्याआधी एकदा बोलून घ्या म्हणून माझ्याकडे पाठवलं.

मी काकांशी एकट्याने बोलले. त्यांचा आवाज फार बारीक झालेला, खुर्ची जवळ ओढून बसावं लागलं. गोळ्यांचं काही विचारलंच नाही, दिवस कसा जातो एवढंच विचारलं, तर पहिलं वाक्य आलं, "पेपर सुटला." ओळी एकावर एक चढतात, पाच मिनिटांत डोळे चुरचुरतात, पाणी येतं. आणि मग कळलं की पेपर ते नुसता स्वतःसाठी वाचत नव्हते, काकूंना अक्षर दिसेनासं झाल्यापासून रोज सकाळी चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवायचे, ते बंद पडलं होतं. "गोळ्या सुरू झाल्या आणि डोळे बिघडले. हिचे अर्धे गेलेत, माझेही गेले तर आम्हा दोघांना बघणार कोण?" म्हणून ते दिवसातल्या चारपैकी दोन सिंडोपा, म्हणजे पार्किन्सनची लेवोडोपा असलेली गोळी, स्ट्रिपमधून काढून चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवत होते. कुणाला कळू नये म्हणून.

मी काकूंना आत बोलावलं, काकांच्या परवानगीने सांगितलं, तर त्या एकदम गप्प झाल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. ती डबी त्यांना दीड महिन्यापूर्वीच सापडली होती. त्यांना वाटलं हे विसरतात, आणि विसरताय म्हटलं की चिडतात, म्हणून बोलल्या नाहीत. त्याच सुमारास कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं की पार्किन्सनच्या गोळीने मॅक्युला वाचतो. "टाकून कशाला द्यायच्या, महागाच्या गोळ्या," म्हणून रोज एक स्वतः घेत होत्या! मळमळायचं ते पित्त समजायच्या, सकाळी उठताना दोनदा भिंत धरावी लागली ते अशक्तपणा समजायच्या. लेवोडोपाने मळमळ होते आणि उभं राहताना बीपी खाली येतं, हे त्यांना कोण सांगणार, गोळी त्यांची नव्हतीच ना. मला रागबिग काही आला नाही, पोटात गलबललं फक्त. दोघं एकमेकांची काळजी करत एकाच डबीपाशी येत होती.

डॉक्टरांना लगेच सांगितलं, दोघांनाही त्याच दिवशी तपासलं. काकूंची गोळी बंद. काकांना डॉक्टरांनी वेळापत्रक नव्याने लिहून दिलं. ही गोळी मनाने एकदम सोडणं धोक्याचं असतं, अंग कडक होणं, खूप ताप, शुद्ध हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं, काकांनी निम्मीच सोडली होती म्हणून निभावलं.

आता डोळ्यांचं. "गोळ्यांनी काही होत नाही हो, मनाचे खेळ आहेत" असं सांगून पेशंटला परत पाठवणं मला अजिबात पटत नाही, कारण काकांचा संशय अर्धा खरा निघाला. कंपासाठी त्यांना ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची दुसरी गोळी चालू होती, तिने जवळचं धूसर दिसतं, तोंड कोरडं पडतं, वयस्कर माणसाला गोंधळल्यासारखं होतं आणि डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन अरुंद असेल तर प्रेशर वाढून काचबिंदूचा झटका येऊ शकतो. म्हणजे संशय बरोबर, धरलेली गोळी चुकीची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कोन तपासला, तो ठीक होता, आणि न्यूरॉलॉजिस्टनी ती गोळी हळूहळू कमी करत बंद केली. बाकीचं मात्र गोळ्यांमुळे नव्हतं, आजारामुळेच होतं. आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, पार्किन्सनमध्ये ते बरंच कमी होतं, डोळा कोरडा पडतो, आणि कोरड्या डोळ्यातूनच पाणी वाहतं हे लोकांना खरं वाटत नाही. वाचताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात, ते नीट वळेनात की ओळी दोन-दोन दिसतात. शिवाय पार्किन्सनमध्ये कमी पडतं ते डोपामिन, जे लेवोडोपापासून शरीरात तयार होतं, फक्त मेंदूतच लागतं असं नाही, डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशीही ते वापरतात, म्हणून फिकटावर फिकट दिसत नाही, संध्याकाळी पायरीची कड कळत नाही. म्हणजे काकांनी सोडलेली गोळी खरं तर त्यांच्या बाजूची होती.

काकूंनी वाचलेला मेसेज शंभर टक्के खोटा होता असंही नाही. 2016 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मार्शफिल्ड क्लिनिकमधल्या संशोधकांनी जुनी रेकॉर्ड तपासली, तेव्हा लेवोडोपा घेणाऱ्यांना मॅक्युलाचा हा आजार सरासरी 79 व्या वर्षी झालेला दिसला, न घेणाऱ्यांना 71 व्या. पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरात जीपीआर143 नावाचा रिसेप्टर (पेशीवरची संदेश घेणारी जागा) असतो, त्याला लेवोडोपा चिकटतं, त्यावरून हे सुचलं होतं. नंतर ॲरिझोनात वेट प्रकारच्या (पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या वाढून त्यातून झिरपतं तो) थोड्या पेशंटना गोळी देऊन बघितली, त्यांना डोळ्यात द्यायची इंजेक्शनं कमी लागली, पण तुलनेला खोटी गोळी घेणारा गट नव्हता. काकूंना मी हे सगळं सांगितलं, लपवलं नाही, आणि सांगितलं की तुमचा प्रकार ड्राय आहे, आणि जुन्या रेकॉर्डमध्ये दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीने दुसरी थांबवली असं होत नाही, त्यासाठी मोठी चाचणी लागते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आमच्या जावेने दिलेली खाजकुइलीची पावडर?" मी कपाळाला हात लावला, कारण खाजकुइलीच्या बियांत लेवोडोपाच असतं, फक्त चमच्यात किती गेलं ते कळत नाही. ती पण बंद. त्यांना डॉक्टरांनी जीवनसत्त्वं आणि ल्युटीनची गोळी दिली आणि बारीक चौकटींचा कागद दिला, तो फ्रिजवर लावलाय, रोज एकेक डोळा झाकून बघायचं, रेषा वाकड्या दिसल्या की वाट न बघता डॉक्टर गाठायचे.

काकांसाठी अश्रूंसारखे थेंब, वाचायचा चष्मा वेगळा (दूरचं-जवळचं एकाच काचेत असलेल्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात खाली बघितलं की पायरी धूसर होते, तो चालताना नको) आणि ओळी दोन दिसू नयेत म्हणून काचेत प्रिझम. हा चष्मा त्यांनी दोनदा करून घेतला, कारण पहिल्यांदा डोळे तपासले ते गोळीचा असर उतरलेल्या वेळी. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना गोळी लागू असलेल्या तासातली अपॉइंटमेंट मागा, एवढं माझं ऐकाच. घरात पायऱ्यांच्या कडेला पिवळी टेप लावली, आणि पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात काकांना दिसतच नव्हता, म्हणून काकूंनी निळी ताटली आणली.

चार महिन्यांनी काकूंचा फोन आला. बटणं आता काका स्वतः लावतात, वेळ लागतो पण लावतात. सकाळी पहिलं पान वाचून दाखवतात, अग्रलेखापर्यंत आले की कधीकधी ओळी परत चढायला लागतात, मग चष्मा काढून ठेवतात. "मग आम्ही रेडिओ लावतो," काकू म्हणाल्या, "आणि ती चष्म्याची डबी, त्यात आता सुईदोरा ठेवलाय."