बीएसए एम-२० या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलच्या इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर जुळत नसेल, तर गाडी बनावट समजायची का?

नाही. उलट दोन्ही नंबर तंतोतंत सारखे निघाले असते, तर कुणीतरी पंच घेऊन नवे आकडे ठोकत बसलं होतं असं मी म्हटलं असतं.

तुमच्या आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली गाडी, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने 'नंबर मॅच नाहीत' म्हणून भाव निम्म्यावर आणला, असं तुम्ही लिहिलंय. त्याने दुसऱ्या गाड्यांचा नियम हिला लावला. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात तेव्हा फ्रेमचे नंबर एका रांगेने पडायचे, इंजिनाचे दुसऱ्या. कोणत्या फ्रेमवर कोणतं इंजिन चढलं ते वहीत लिहिलेलं असे. १९३७ सालचं हे मॉडेल, पण युद्धात सैन्यासाठी सव्वा लाखावर गाड्या बनल्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री त्याच कारखान्यावर बॉम्ब पडले आणि ५३ कामगार गेले, तरी गाड्या निघतच राहिल्या. पुढे लष्करी वर्कशॉपमध्येही इंजिनं अदलाबदल व्हायची. कुणाला हौस होती नंबर जुळवायची!

आकड्याआधीची अक्षरं बघा. डब्ल्यूएम २० असेल तर युद्धातली गाडी. डब्ल्यूच्या जागी एक्स किंवा झेड असेल तर युद्धानंतरची. इंग्लंडच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे कारखान्याच्या जुन्या रवानगीच्या नोंदी आहेत. फी भरली की ते नंबर तपासून दाखला देतात. आजोबांचं नाव त्यात सापडणार नाही, गाडी कारखान्यातून कधी निघाली ते कळेल.

आता माझा गाढवपणा ऐका, म्हणजे तुम्ही तो करणार नाही. माझी एम-२० आली तेव्हा टाकीवर रंगाचे चार थर होते. मी ती रंगाऱ्याकडे दिली आणि सांगितलं, पार पत्र्यापर्यंत जा. गेला बिचारा. महिनाभराने एका जाणकाराने विचारलं, "टाकीवरचा सी नंबर मिळाला का?" ब्रिटिश सैन्य टाकीवर पांढऱ्या रंगात 'सी' आणि पुढे आकडे लिहायचं. माझ्या गाडीची तीच ओळख मी पैसे देऊन खरवडून घेतली होती. तुम्ही ओल्या पॉलिश पेपरने एकेक थर हळू उतरवा, आणि प्रत्येक थराचा फोटो काढा.

क्रोमचा मोहही नको. लष्करी एम-२० वर झगमगाट नव्हताच. रबर मिळेना तेव्हा हँडलच्या मुठींनाही कॅनव्हास लावलं होतं. ४९६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, ताकद १३ हॉर्सपॉवर, मागे सस्पेन्शन नाही. ही मिरवायची गाडी नव्हे, ओझं वाहणारी म्हैस आहे. दुरुस्तीला मात्र व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाचे पाने घ्या. मिलिमीटरचा पाना लावून नटांची डोकी गोल करणारे मिस्तरी मी पाहिलेत.

खरी अडचण वेगळीच असू शकते. नंबर एकमेकांशी नाही, आरसी बुकाशी जुळायला हवेत. तिथे एखादा आकडा चुकला असेल तर विकण्याआधी आरटीओतून दुरुस्त करून घ्या. शिवाय ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी. त्यात फ्रेम किंवा इंजिनात मोठे बदल चालत नाहीत, आणि ती गाडी रोज वापरता येत नाही.

नंबरांचे फोटो इथे टाका, बघतो. फ्रेमचा हँडलखालच्या डोक्याजवळ असतो, इंजिनाचा सिलिंडरखाली क्रँककेसवर. पण तारेचा ब्रश मारू नका. रॉकेलचं बोट फिरवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा आणि टॉर्च आडवा धरून फोटो काढा.